वास येतोय, मॅडम

सोमवार, १३ ऑक्टोबर

सकाळी जुहूच्या हँगरमध्ये पाऊल टाकलं, तर नवी ट्रेनी मुलगी दारातच वाट बघत उभी. "मॅडम, त्या छोट्या सेसना विमानात बसलं की पेट्रोलचा वास येतो." मी हातातली बॅग ठेवता ठेवता म्हणाले, "हँगर आहे बाळा, वास येणारच." ती गप्प बसली. पण चेहऱ्यावरून तिला ते पटलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. शेवटी डबा तसाच ठेवून मी विमानात जाऊन बसले, दोन्ही दारं लावून. पाच मिनिटं काही कळलं नाही. बावीस वर्षं या वासात काढल्यावर नाक तो मोजतच नाही. मग सीट मागे सरकवली, आडवी झाले आणि दोन सीटच्या मधल्या फ्युएल सिलेक्टरच्या, म्हणजे कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, हँडलपाशी नाक नेलं. तिथे होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. बसलेल्या माणसाला कमी आणि वाकलेल्या माणसाला जास्त वास येणार. मुलगी सकाळी विमानात खाली पडलेला कचरा टिपायला वाकली होती, म्हणून तिला सापडला.

कार्पेट उचललं. कव्हरच्या एका स्क्रूभोवती निळा डाग. पोटाखाली सरपटत गेले, तर पत्र्याच्या सांध्यावरही बोटभर निळी रेघ. विमानाचं १०० एलएल पेट्रोल निळं असतं. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो, आणि तो रंग खोटं बोलत नाही. कव्हर काढलं, व्हॉल्व्ह कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली. वीस मिनिटांत हँडलच्या दांड्याभोवती पावडर ओली झाली.

लॉगबुकात नोंद केली, हँडलला लाल टॅग बांधला. उद्याची दोन्ही उड्डाणं रद्द.

एक गोष्ट इथे लिहून ठेवायलाच हवी. गेल्या आठवड्यात टाक्या भरल्या त्या दिवशी मलाही क्षणभर हा वास आला होता. भरताना सांडलं असेल, असं मीच मला सांगितलं होतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

विमान बाहेर मोकळ्यावर ओढून टाक्या रिकाम्या केल्या. हे काम हँगरच्या आत मी करू देत नाही. मुलगी धावत जाऊन प्लॅस्टिकची बादली घेऊन आली. तिला थांबवलं. वाहत्या पेट्रोलात स्थिर वीज तयार होते, प्लॅस्टिकमधून ती जमिनीत जात नाही, आणि हे पेट्रोल उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. जुहूच्या ऑक्टोबरातल्या उन्हात एक ठिणगी पुरते. हँगरमधल्या मामांनी लोखंडी ड्रम आणला. विमान, ड्रम आणि अर्थिंगचा खुंटा एकमेकांना वायरने जोडले, मोबाइल आत ठेवायला लावले, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. हातमोजे घातल्याशिवाय तिला नळाला हात लावू दिला नाही. या पेट्रोलात शिसं आहे आणि ते कातडीतून आत जातं. "रोज थोडं थोडं," मी म्हणाले. तिने मोजे मनगटाच्याही वर ओढले.

व्हॉल्व्ह बाहेर काढायला दुपार गेली. ज्याने कोणी मागे हे काम केलं होतं त्याने पाइपच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली. घरच्या नळाला ठीक आहे. इथे तिचा एक धागा सुटून कार्ब्युरेटरच्या वाटेत गेला तर इंजिन उपाशी मरेल. चिमट्याने एकेक तुकडा काढून कागदावर मांडला आणि मोजला. राग आला, अजूनही आहे.

बेंचवर पांढरं फडकं पसरून व्हॉल्व्ह उघडला. आतली छोटी पोलादी गोळी आणि तिची स्प्रिंग उडू नये म्हणून मुलीला म्हटलं, "तळवा आडवा धर." दसऱ्याला पूजेत वाहिलेल्या झेंडूची एक वाळकी पाकळी टूलबॉक्सच्या कप्प्यात अजून होती, तीही आधी उचलली. अशा कामात पाकळीलाही जागा नाही.

आणि मग ती ओ-रिंग, गळती अडवणारी रबरी कडी. दांड्याच्या खाचेतून निघाली तीच मुळी चपटी होऊन. गोल असायला हवी, ती एका बाजूने घासून सपाट झालेली. नखाने दाबली तर नख उमटेना. वाकवली तेव्हा बाहेरच्या कडेला केसासारख्या चिरा उघडल्या. मुलगी म्हणाली, "आईच्या कुकरची रिंग अशीच होते." अगदी बरोबर. रबरात असलेला मऊपणा पेट्रोल हळूहळू ओढून घेतं आणि त्या जागी स्वतः भरून राहतं. पेट्रोल आहे तोवर रबर फुगलेलं, घट्ट. हे विमान पावसाळ्याआधी टाक्या रिकाम्या करून ठेवलं, चार महिने तसंच. रबर कोरडं पडलं, आक्रसलं, कडक झालं. मग गेल्या आठवड्यात टाक्या काठोकाठ भरल्या. गळायला तेवढं कारण पुरे होतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

रिंग स्टोअरमध्ये नाहीत, शुक्रवारी येतील.

विमानाच्या मालकांचा दोनदा फोन. "मॅडम, एवढ्याशा रबरासाठी तीन दिवस? नागदेवीत दहा रुपयांना मिळेल." नागदेवी स्ट्रीट मला आवडते. बेअरिंग, बेल्ट, ऑइल सील, तिथे काय मिळत नाही. घरच्या मिक्सरसाठी मी तिथेच जाते. पण काळी रिंग बघून ती कशाची ते सांगता येत नाही. पाण्याच्या नळासाठी केलेलं एक रबर पेट्रोलात पडलं की फुगून बसतं, आणि दिसायला दोन्ही सारखीच. मला हवी ती रिंग पाकिटातून येते, पाकिटावर नंबर, रबर कोणत्या तिमाहीत शिजवलं त्याची तारीख आणि सोबत प्रमाणपत्र. कागद नसेल तर ती रिंग माझ्यासाठी नाहीच. मालकांना हेच सांगितलं. त्यांचा आवाज चढला. माझाही चढला असेल.

दुपारी काम नव्हतं, म्हणून मुलीला धावपट्टीच्या कडेला नेलं. याच तारखेला, १९३२ साली, जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले. पस मॉथ विमान, एक इंजिन, पंख डोक्यावर. अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोल बैलगाडीतून डब्यांनी आलं होतं. ती बराच वेळ धावपट्टीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग ते पेट्रोल गाळून भरलं असेल ना?" मला तिचा हा प्रश्न फार आवडला.

मग तिला अमेरिकन गायक जॉन डेन्व्हरची गोष्ट सांगितली. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा. तो स्वतः चालवत असलेलं विमान समुद्रात कोसळलं आणि तो गेला. विमान बांधणाऱ्याने पेट्रोलचे पाइप कॉकपिटमध्ये नकोत म्हणून सिलेक्टरचं हँडल वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेलं. टाकी बदलायची तर पूर्ण वळावं लागे. चौकशीत तेच पुढे आलं. हेतू सुरक्षिततेचाच होता. म्हणून आम्ही हँडल नुसतं बसवून थांबत नाही, ते हाताला कसं लागतं तेही बघतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

काल संध्याकाळी रिंग आल्या, आज सकाळी बसवल्या. सगळ्या बदलल्या, गळणारी एकच असली तरी. खाच लाकडी काडीने साफ केली, कारण पोलादी टोकाचा एक ओरखडा म्हणजे नवी गळती. रिंगवर पेट्रोलात न विरघळणारं वंगण, बोटाच्या टोकाएवढं. आट्यांवरही तेच, टेप नाही. वायर लॉकिंग, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून पिळलेल्या तारेने बांधणं, मुलीने केलं. पहिल्यांदा पिळाची दिशा उलटी झाली. कापायला लावलं, दुसऱ्यांदा बरोबर जमलं.

नंतरची तपासणी मी घाईत उरकू दिली नाही, दिवाळीची सगळ्यांनाच घाई असली तरी. आधी फक्त डाव्या टाकीत पेट्रोल. हँडल 'लेफ्ट'वर, खालची नळी उघडली, धार आली. 'राइट'वर केलं, धार तुटली, थेंबही नाही. 'बोथ'वर पुन्हा धार. 'ऑफ'वर दहा मिनिटं नळीखाली कोरडा कागद. मग डावी रिकामी करून उजवीत पेट्रोल, हेच सगळं उलट. हँडल एक दात चुकून बसलं तर खूण एक सांगते आणि पेट्रोल दुसरीकडून येतं. ती चूक इथेच जमिनीवर पकडता येते.

शेवटी मुलीला डाव्या सीटवर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "हँडल फिरव. कुठे आहेस ते न बघता सांग." प्रत्येक जागी गोळी खाचेत पडते तेव्हा मनगटाला हलकासा ठोका लागतो. ती फिरवत गेली. लेफ्ट. बोथ. राइट. एकदाही चुकली नाही.

दोन्ही टाक्या भरून विमान आत घेतलं. रात्रभर असंच राहील. लॉगबुकात अजून सही केलेली नाही.

कार्पेटही परत घातलेलं नाही. त्यात जुना वास मुरलाय, आणि तो आत असेपर्यंत नव्या वासाचा पत्ता लागणार नाही. मामांनी ते मागच्या कुंपणावर वाळत घातलंय. मुलीला उद्या सुट्टी होती. तरी जाताना म्हणाली, "मॅडम, सकाळी येते. दारं उघडायच्या आधी मला आत बसू द्या."