वाळवी लागलेल्या नोटा घेऊन नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत

वर्ध्याला आत्याच्या माजघरातील लाकडी फडताळात चपलांच्या जुन्या खोक्यात ठेवलेल्या पाचशेच्या सोळा नोटांना या पावसाळ्यात वाळवी लागली. दहा नोटा कडेने कुरतडलेल्या, पण सुट्या होत्या. उरलेल्या सहा नोटा वाळवीच्या मातीत लिंपल्या जाऊन त्यांचा एकच गोळा झाला होता, आणि बोट लावताच त्याचा भुगा पडत होता. गावातल्या बँकेच्या शाखेने गोळा पाहताच रिझर्व्ह बँकेत जाण्यास सांगितले, म्हणून आम्ही सर्वच नोटा घेऊन नागपूर गाठले.

नागपूर स्थानकाच्या पश्चिम दाराने बाहेर पडून रिक्षाने संविधान चौकात उतरलो. मेट्रोने येणाऱ्यांना झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क हे स्थानक जवळ पडते. सोबत आधार कार्ड, त्याची प्रत आणि खातेपुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत ठेवली होती आणि तिन्ही कामी आली.

जाण्यापूर्वी घरी एक उपयोगी काम केले होते. पाचशेच्या नव्या नोटेचे क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर असते. तिचा सर्वांत मोठा अखंड तुकडा किमान ८० चौरस सेंटिमीटर असल्यास पूर्ण रक्कम, ४० ते ८० च्या दरम्यान असल्यास निम्मी आणि त्याहून लहान असल्यास काहीच मिळत नाही. भाच्याच्या वहीतील आलेख कागदावर सुट्या नोटा ठेवून चौकटी मोजल्या, तेव्हा सात नोटा पूर्ण आणि तीन निम्म्या किमतीच्या ठरल्या. इथे ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण बारीक तुकडे चिकटवून क्षेत्रफळ वाढत नाही. मात्र एकाच नोटेचे दोन तुकडे असून प्रत्येक तुकडा किमान ४० टक्के भरत असेल, तर पूर्ण किंमत मिळते. वीस रुपये व त्याखालील नोटेला निम्म्याची सोय नाही. निम्म्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण, नाही तर शून्य.

खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी सुट्या नोटा पाहून शांतपणे विचारले, “या इथे कशाला आणल्या? या कोणत्याही शाखेत चालल्या असत्या.” ते खरेच होते. फाटक्या नोटा स्वीकारणे ही सर्वच बँक शाखांची जबाबदारी आहे, आणि नुसत्या मळलेल्या नोटा दिवसाला २० नोटा व ५,००० रुपयांपर्यंत विनाशुल्क बदलून मिळतात. जळालेल्या, ठिसूळ झालेल्या किंवा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटांसाठीच रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात, म्हणजे नोटा चलनात आणणाऱ्या कार्यालयात, यावे लागते. महाराष्ट्रात अशी कार्यालये मुंबई, बेलापूर आणि नागपूर येथे आहेत.

गोळा आम्ही सोडवला नव्हता आणि तेच शहाणपणाचे ठरले. आत्या ब्लेडने नोटा सुट्या करायला निघाली होती. तसे केले असते तर तुकडे अधिक लहान झाले असते आणि मुद्दाम कापल्याचा संशय आला असता, तर दावाच फेटाळला गेला असता. गोळा पुठ्ठ्याच्या डबीत, खाली कापूस अंथरून नेला. रांगेत थांबायचे नसल्यास नाव, पत्ता आणि नोटांचा तपशील लिहून त्या लिफाफ्यात घालून चौकशी खिडकीजवळच्या तिहेरी कुलपाच्या पेटीत टाकता येतात आणि त्याचे टोकनही मिळते. पण इतका ठिसूळ ऐवज हातोहात देणेच आम्हाला बरे वाटले.

गोळ्यातील सहांपैकी चार नोटांचे पूर्ण, एकीचे निम्मे मिळाले आणि एक बाद झाली. आठ हजारांपैकी साडेसहा हजार आत्याच्या खात्यात जमा झाले.

खोक्याच्या तळाशी चिल्लरही होती. पन्नास पैशांची काळवंडलेली नाणी अजून कायदेशीर चलन आहेत, परंतु २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत. नाणी पुष्कळ असतील तर शंभर-शंभरच्या पिशव्या बांधून न्याव्यात, मोजणी सोपी जाते. आमची चार चवल्या-पावल्या मात्र आत्याने परत कनवटीला लावल्या आणि येताना गाडीत वर्धा येईपर्यंत त्या कितीदा तरी चाचपून पाहिल्या.