आमटीत पडलेली पाकोळी

रात्री जेवत होतो. आमटीच्या वाटीत पाकोळी, म्हणजे बारका पतंग-किडा, पडली. बोटानं काढून टाकली, तर लगेच दुसरी. करडी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. आईनं ट्यूबलाइटकडं बघितलं आणि म्हणाली, "आधी बटाट्याची पोती बघून ये. मग जेव."

बेळगावजवळ कडोलीच्या बाजूला आमची दीड एकर जमीन. काढणीच्या वेळी दर पडला, म्हणून वीस पोती एपीएमसीला न नेता मधल्या खोलीत थप्पी लावून ठेवलेली. एक पोतं सोडलं. बटाटा बाहेरून टणक, खरं डोळ्याच्या खळग्यात काळी भुकटी. (‘खरं’ म्हणजे आमच्याकडं ‘पण’. पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.) ती अळीची विष्ठा. विळीवर उभा चिरला तर आत वेडावाकडा बोगदा आणि त्याच्या टोकाला तपकिरी डोक्याची, मळकट पांढरी, सेंटिमीटरभर अळी.

चूक माझीच. काढणीच्या दिवशी टेम्पो आला नाही. ढीग रात्रभर शेतात राहिला आणि दवानं भिजू नये म्हणून मी त्यावर बटाट्याचाच पाला पसरला. पाल्यात अळ्या असतात. पानं सुकली की त्या खालच्या बटाट्यात उतरतात. शिवाय ही पाकोळी उडते ती तिन्हीसांजेनंतर, आणि उघडा बटाटा मिळाला की डोळ्यांजवळच अंडी घालते. म्हणजे मी तिला घरी गाडीनं आणलं.

मूळची ती दक्षिण अमेरिकेची. 1906 साली इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांतून मुंबई इलाख्यात उतरली. बेळगावही तेव्हा त्याच इलाख्यात होतं. (हा विषय निघाला की आमच्याकडं जेवण गार होतं, म्हणून इथंच सोडतो.)

दुसऱ्या दिवशी निवडायला बायका आल्या. एकीनं पोतं ओतलं आणि म्हणाली, "हुळ हत्त्याव री, सावकार." (कानडीत, ‘कीड लागलीय हो’.) सावकार म्हणे!

सात पोती गेली. उकिरड्यावर टाकली असती तर तिथूनच परत पाकोळ्या आल्या असत्या, म्हणून खोल खड्डा काढून पुरली. उरलेल्यांवर आईनं घाणेरीचा सुकवलेला पाला अंथरलाय. तो अंथरताना दोनदा ऐकवलं, "तुझे आबा मातीची भर लावायचे ती अशी, की एक बटाटा उघडा दिसायचा नाही."

अजून रोज रात्री दोन-तीन दिसतात. आई चपलेनं मारते आणि मोजते. काल चार.