हायवे सोडून जांबोटी-खानापूर सायकलवरनं, माझा अनुभव

माझा मावसभाऊ अमेरिकेत ओहायोला असतो, तिथल्या सायकल ट्रेलचे फोटो पाठवून मला जळवतोय. सिनसिनाटीपासून क्लीव्हलँडपर्यंत ३२६ मैल, म्हणजे सव्वापाचशे किलोमीटर, बहुतेक सगळा पक्का ट्रेल, जुन्या रेल्वे लाईनीवरनं आणि कालव्याच्या कडेनं, एका पार्कातनं दुसऱ्या पार्कात. आपल्या बेळगावात एखाद्या रस्त्याकडेला ट्रॅक आहे, खरं चौक आला की संपला. मग आम्ही दोस्तांनी चौपदरी हायवे सोडून गावागावातले रस्ते जोडून आपलाच ट्रेल करायचं ठरवलं. पिरनवाडी, किणये, जांबोटी, तिथनं खानापूर, आणि परतताना गर्लगुंजी, नंदीहळ्ळी, येळ्ळूर. सत्तरेक किलोमीटर भरतंय.

डिसेंबर होता, पहाटे ब्रेकवरची बोटं बधिर. किणयेच्या पुढं चढउतार चालू होतात, मोठा चढ कुठलाच नाही खरं एक संपला की दुसरा तयारच. इथं जोर दाखवायचा नाही, हलक्या गिअरवर पाय फिरवत ऱ्हायचं आणि भूक लागायच्या आधी खायचं. मी शेंगापोळ्या नेल्या होत्या. खिशात बसतात, दबल्या तरी चालतंय, आणि त्या महागाच्या एनर्जी बारपेक्षा कितीतरी बऱ्या. जांबोटीत चहा घेताना हॉटेलातल्या मावशी विचारतात, "गाडी न्हाई व्हय रे तुमास्नी?" म्हटलं हाय की मावशी, घरात हाय. "मग?" आता ह्याला काय सांगायचं!

खरी परीक्षा जांबोटीच्या पुढं. खानापूर पूर्वेला आणि हिवाळ्यात आपल्याकडं वारंही पूर्वेचंच, म्हणजे सरळ तोंडावर, उतारालासुद्धा पायडल मारावं लागतंय. वारा पुढच्यानं अडवावा म्हणून आम्ही एकामागं एक लागलो, पुढचा दमला की मागं जायचा आणि दुसरा पुढं, असंच करत निघालो.

त्यात एका गावात अख्ख्या रस्त्यावर नाचणा पसरलेला, जाणाऱ्या गाड्यांखाली फुकटात मळणी. कडेनं जायला जागा नव्हती म्हणून हळूच घातली सायकल. दाणे चाकाखाली बॉल बेअरिंगसारखे सरकतात, ब्रेक दाबायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, एवढंच. पार झालो तर मागनं कटकट आवाज, बघतोय तर गिअरच्या खालच्या दातेरी चाकात काड गुंडाळून घट्ट बसलेलं. सायकल उलटी केली, पायडल मागं फिरवत एकेक काडी बोटानं ओढली, हात काळे. ज्यांचा नाचणा ते आजोबा शेजारी येऊन बघत उभे, शेवटी "थांब बाळ" म्हणाले आणि विळ्याच्या टोकानं आतली काडी अलगद उचकटून दिली. आमच्यापेक्षा त्यांना बरं जमलं.

खानापुरात मलप्रभेच्या पुलावर थांबलो. ही नदी उगम पावते कणकुंबीला, आणि जांबोटी भागात हब्बनहट्टीचा मारुती हिच्याच पात्रात, पावसाळ्यात पाण्याखाली जातो. ह्या वेळी तिकडं वळलो नाही, वाऱ्यात वेळ गेला होता. मिरची भजी खाल्ली (मधे तळकट खाऊ नये म्हणतात, म्हणू देत).

परतीचा रस्ता हायवेपेक्षा थोडा लांब पडतो, खरं ट्रक कानाशी हॉर्न मारत नाहीत आणि येळ्ळूरचा राजहंसगड दिसायला लागला की अंदाज येतो किती राहिलंय. येळ्ळूरला बासमतीची भातं कापून झालेली, नुसती खुंटं. तोवर पाय ठीक होते, बसायची जागा मात्र पार कामातनं गेलेली, मधनंमधनं उभं राहून पायडल मारत बेळगावच्या वडगावात शिरलो आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये पहिल्यांदा शिव्या आल्या तोंडात.

कुणी जाणार असाल तर पॅडची चड्डी घ्याच, दोन बाटल्या पाणी घ्या, एकात ओआरएस. जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. पावसाळ्यात जांबोटीकडं धुकं एवढं की समोरची गाडी दिसत नाही, आणि तिला तर तुम्ही त्याहून दिसत नाही.