तुम्ही विचारलंत म्हणून: जीवसृष्टी आकाशातून आली का?

व्याख्यान ग्रहणावर असो वा उल्कावर्षावावर, शेवटी कोणीतरी विचारतेच, “म्हणजे जीवसृष्टी आकाशातूनच आली ना?” माझ्याकडे ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, असे सांगितले की मी काहीतरी हातचे राखतो आहे अशी समजूत होते. म्हणून एकदा लिहून टाकतो.

घटकद्रव्यांविषयी वाद उरलेला नाही. १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांची घटकद्रव्ये ज्या प्रकारची असतात ती संयुगे, सापडली; त्यांतली कित्येक पृथ्वीवरील सजीवांत जवळपास आढळत नाहीत, त्यामुळे ती हाताळणाऱ्यांच्या बोटांवरून आली असे म्हणता येत नाही. ६७पी धूमकेतूभोवतीच्या वायूत रोझेटा यानाला ग्लायसीन हे अमिनो आम्ल मिळाले.

यानाने पृथ्वीवर आणलेल्या बेन्नू लघुग्रहाच्या नमुन्यांचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये आले. प्रथिनांतल्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले त्यांत होती आणि डीएनए-आरएनएचे पाचही नायट्रोजनी बेस, म्हणजे त्यांच्या संकेताची ‘अक्षरे’, होती. त्यानंतर एका तालुक्याच्या गावी बोलताना मी निम्मा वेळ एकाच मुद्द्यावर घालवला. बहुतेक अमिनो आम्लांची डावी आणि उजवी अशी, आरशातल्या प्रतिमेसारखी, दोन रूपे असतात व सजीवांची प्रथिने डाव्यांचीच बनतात. बेन्नूत मात्र दोन्ही जवळपास समसमान निघाली, म्हणजे सजीवांचा डावा कल तिथे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात माझ्या छायाचित्रासह मथळा आला, की जीवसृष्टी अवकाशातूनच आल्याचा तज्ज्ञाचा निर्वाळा. मी तज्ज्ञ नाही, ही त्यातली किरकोळ बाब. संध्याकाळी महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सरांचा फोन आला.

“हे तू म्हणालास?”

“नाही सर.”

“मग डाव्या-उजव्याचं एक अक्षरही बातमीत कसं नाही?”

मी सगळे पुन्हा सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “एवढं छापलं असतं तर मला फोन करावा लागला नसता.” खुलाशाचे पत्र मी त्याच रात्री पाठवले, ते छापून आले नाही. तेव्हापासून हा प्रश्न आला की माझा आवाज थोडा चढतो, हे मला ठाऊक आहे.

काही जण खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा दाखला देतात. २००१ साली त्यांच्या गटाने हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीवरून हवेचे नमुने आणले आणि त्यांत सूक्ष्मजीव आढळले, हे खरे आहे. परंतु ते वरून उतरले की खालून चढले, याचा निकाल केवळ उंचीवरून लागत नाही. असे म्हटल्याने त्यांच्याविषयीचा माझा आदर कमी होत नाही.

माझे खरे भांडण माझ्या जुन्या मताशी आहे. मर्चिसनमधील आयसोव्हॅलीन या अमिनो आम्लात डाव्या रूपाचे आधिक्य १८ टक्क्यांपर्यंत आढळले होते, तेव्हा सजीवांचा हा डावा कल आकाशातूनच आला असावा असे मी हिरिरीने सांगत असे. अशनी ज्यातून तुटली त्या मूळ पिंडात मुरलेल्या पाण्यामुळे तो वाढला असावा, हे स्पष्टीकरणही मला पटले होते. पण बेन्नूच्या मूळ पिंडातही खारे पाणी होते, त्याचे क्षार नमुन्यांत सापडले आहेत; मग तिथे कल का दिसत नाही? र्‍युगू या दुसऱ्या लघुग्रहाच्या नमुन्यांतही तो जवळपास नाही. यावर जुना मी म्हणतो, की दोन लघुग्रहांच्या मिळून सव्वाशे-एक ग्रॅम धुळीवरून मर्चिसनमधले आधिक्य पुसले जात नाही, ते कुठून आले ते आधी सांग. ते मला सांगता येत नाही.