सेंटर आडवा नाही, उभाच: देवगडच्या छोट्या खोलीचं ५.१ अपडेट

मंडळी, आमच्या ५.१ चं (पाच स्पीकर नि एक सबवूफर, म्हणजे खोल बासचा डबा) सेंटरवर, म्हणजे टीव्हीखालच्या संवाद बोलणाऱ्या मधल्या स्पीकरवर, अडकलेलं गाडं एकदाचं सुटलं. आणि तो सेंटर म्हणून विकतात तसला लांबुळका आडवा डबा नाही, डाव्या-उजव्याला जे बुकशेल्फ (शेल्फवर मावणारे छोटे उभे स्पीकर) आहेत त्यांच्यातलाच तिसरा घेतला, सरळ उभा ठेवला. किंमत हे एक कारण आहेच पण मुख्य कारण वेगळं आहे.

खोली साधारण १० बाय १४ फूट, जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. टीव्ही लहान भिंतीला, सोफा ९ फुटांवर. मधोमध बसणाऱ्याला खरं तर सेंटर नसला तरी भागतं, डावा-उजवा मिळून आवाज बरोबर पडद्याच्या मधे आणून उभा करतात. पण मधली जागा आईची, आजी उजव्या टोकाला आणि उरलेल्या टोकाला मी. टोकाला बसलं की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि कान सगळा संवाद तिकडेच ओढून नेतो, म्हणजे हिरो पडद्याच्या मधे आणि बोलतोय खिडकीतून. आजीचं तर ठरलेलं, "काय बोललो तो? माका कायच ऐकाक येना नाय." मग आवाज वाढवा, की पुढच्या सीनला गाडी उडाली की सगळं घर हादरतं.

कणकवलीच्या मित्राकडून त्याचा आडवा सेंटर आणून बघितला, नेहमीचाच प्रकार, मधे ट्विटर (बारीक आवाजाचा) नि दोन्ही बाजूंना एकेक वूफर (जाड आवाजाचा). समोर बसून एकदम झकास. मग रिसीव्हरची, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्याची, टेस्ट टोन (तो फसफस आवाज) फक्त सेंटरला लावली आणि सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकत गेलो, तर मधून बाजूला येताना आवाज पोकळ होत जातो, डोकं पिंपात घातल्यासारखा. हे ज्याच्याकडे आडवा सेंटर आहे त्याने घरी करून बघाच, पैसे लागत नाहीत.

का होतं ते गणितात दिसतं. दोन वूफरच्या मधे ३० सेंमी अंतर धरा. आजी मधल्या रेषेपासून ४ फूट बाजूला, म्हणजे कोन साधारण २४ अंश, म्हणजे एका वूफरचा आवाज तिला दुसऱ्यापेक्षा १२ सेंमी जास्त चालून पोचतो. १४०० हर्ट्झच्या आसपास अर्धी तरंगलांबी तेवढीच भरते, मग तिथे दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर संपून ट्विटर सुरू होतो ती जागा, बहुतेक वेळा २०००-२५०० हर्ट्झच्या घरात असतो, त्यामुळे १४०० ला दोन्ही वूफर जोरात वाजत असतात आणि खड्डा पडतो तो नेमका बोलणं स्पष्ट ऐकू येण्याच्या पट्ट्यात. हाच डबा उभा केला की दोन्ही वूफर आजीपासून जवळपास सारख्या अंतरावर येतात, विषय संपला, पण तेवढा उंच डबा टीव्हीखाली मावणार कसा.

यावर कंपन्यांची उत्तरं आहेतच. थ्री-वे सेंटर, ज्यात मिडरेंज (मधल्या सुरांचा) मधे आणि ट्विटर त्याच्या डोक्यावर. किंवा कोॲक्शियल, ट्विटर वूफरच्या पोटात, केईएफवाले १९८८ पासून युनि-क्यू म्हणून हेच करतायत. दोन्ही चांगले, पण चांगला थ्री-वे माझ्या बजेटबाहेर आणि कोॲक्शियल घेतला तर पुढचे तिन्ही एका सुराचे राहत नाहीत, गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधेच गाडी बदलल्यासारखी वाटते. मला ते खटकतं, कुणाला नसेल खटकत.

मग उरला तिसरा बुकशेल्फ. हे विकतात जोडीने, सुटा कोण देणार, पण सावंतवाडीच्या एकालाही एकच हवा होता, जोडी फोडली, अर्धे अर्धे पैसे. (तो सुद्धा बरणीचा मीठ-मसाला वाटून घ्यावा तसा खूश!) फक्त आडवा पाडू नका हां, एकच वूफर असला तरी आडवा केला की क्रॉसओव्हरच्या आसपास तोच घोळ थोडा होतो.

लावताना शेल्फच्या अगदी कडेला पुढे ओढलाय, मागे ठेवला की शेल्फच्या पाटावर आपटून आवाज गढूळ येतो. दाराला लावतात ती रबरी पाचर पुढच्या बाजूने खाली सरकवली, तोंड कानाकडे. रिसीव्हरमधे सेंटर स्मॉल (खोल बास सबवूफरकडे जातो), तिथला क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचं सबवूफरला जातं तो, ८० हर्ट्झच्या जागी १०० केला कारण मागे भिंत जवळ आहे नि पुरुषांचे आवाज घुमत होते. सेंटर २ डीबी वर. पावसाळ्यात कौलांवर सर कोसळायला लागली की हे सगळं शून्य, तेव्हा रिसीव्हरचा नाइट मोड लावायचा, हळू आवाज वर येतात मोठे खाली बसतात, एरवी मला तो आवडत नाही. आणि वायरीची टोकं उघडी ठेवू नका, खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, मी बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसणारी पिन) लावले.

आता बाकी एकच, टीव्ही १४ इंच वर न्यायचाय कारण स्पीकरचं डोकं पडद्याच्या खालच्या पट्टीवर येतंय. सुतार म्हणतो ब्रॅकेट ठोकू, पण आमचा जांभ्याचा चिरा भोकाळ, स्क्रूचा साधा प्लग महिन्यात हलायला लागतो. जांभ्याच्या भिंतीत कोणी केमिकल अँकरने (भोकात चिकट रसायन भरून बसवलेला बोल्ट) टीव्ही टांगलाय का, ५० इंची? किती खोल भोक घेतलं तेवढं सांगा.