भिंतीवरचा माझा नऊ नंबर

मी सायटोजेनेटिक्सच्या लॅबमध्ये, म्हणजे पेशीतले क्रोमोसोम (डीएनएच्या गुंडाळ्या) जिथे तपासतात तिथे, काम करते असं कळलं की हल्ली कुणी ना कुणी विचारतंच, "आपल्या क्रोमोसोमचं चित्र करून भिंतीवर लावता येतं का हो?" येतं. मी लावलंय. पण त्या चित्रात आपलं असं नेमकं काय उतरतं, हे कळल्याशिवाय फ्रेमचा खर्च करू नये असं मला मनापासून वाटतं.

नेहमीचा कॅरिओटाईप घ्या. 46 क्रोमोसोम, जोड्या लावून मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडलेले, अंगावर फिकट-गडद पट्टे. हे जी-बँडिंग. स्लाईड थोडा वेळ ट्रिप्सिनमध्ये बुडवायची आणि मग गिम्सा रंग द्यायचा. दिसतं देखणंच. पण ते पट्टे तुमचे एकट्याचे नसतात. त्यांचा क्रम सगळ्या माणसांत सारखाच असतो, म्हणून तर त्यातला बिघाड ओळखता येतो. दोन निरोगी बायकांचे असे कॅरिओटाईप नावं झाकून माझ्यापुढे ठेवले, तर कुठला कुणाचा हे बहुतेक वेळा मलाही सांगता येणार नाही. एका पट्ट्यात सरासरी 50 लाखांहून जास्त अक्षरांचा डीएनए असतो आणि तुमच्या-माझ्यातले बहुतेक फरक एकेका अक्षराचे. ते इथे दिसणार कुठून?

लाळेचा नमुना पाठवून मिळणाऱ्या चित्रांचंही तेच. लाळेतून डीएनए मिळतो, पण क्रोमोसोमचा फोटो काढायचा तर विभाजन चालू असलेल्या जिवंत पेशी लागतात. त्यामुळे त्या चित्रातली क्रोमोसोमची आकृती सगळ्यांना एकच छापलेली असते, आत भरलेले रंग तेवढे तुमच्या डीएनएच्या वाचनावरून येतात. लावायला हरकत नाही, पण तो फोटो नव्हे. झगझगीत रंगांच्या कॅरिओटाईपबद्दलही लोकांचा असाच, दिसतंय ते सगळं खरं असा, समज असतो. ते तंत्र 1996 मध्ये आलं. पाच चमकणारी रंगद्रव्यं वेगवेगळ्या मिश्रणांत वापरली की 24 प्रकारचे क्रोमोसोम (1 ते 22, एक्स आणि पुरुषांमधला वाय) वेगळे ओळखू येतात. निदानासाठी फार मोलाचं आहे ते. मात्र पडद्यावरचा हिरवा किंवा जांभळा कॉम्प्युटरने नेमून दिलेला असतो, आणि माझ्या भिंतीवर मला नेमून दिलेले रंग नको होते.

मला हवा होता तो स्प्रेड. म्हणजे क्रोमोसोम कापून, सरळ करून ओळीत लावायच्या आधीचा पसारा, जसा मायक्रोस्कोपखाली दिसतो तसा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी विभाजन पावत नाहीत. त्यांना जागं करायला राजम्यातून काढलेलं एक प्रथिन कल्चरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रावणात, घालतात. 37 अंशांवर तीन दिवस ठेवायचं, शेवटी कोल्चिसिनने विभाजन मधेच थांबवायचं, पेशी पातळ क्षारद्रावणात फुगवायच्या आणि मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडमध्ये पक्क्या करायच्या. खरं कसब त्यापुढचं. पिपेटमधून थेंब स्लाईडवर पडतो, पसरतो, कडेने वाळत येताना त्यात सप्तरंगी कडी उमटतात. त्या वेळी हवा फार कोरडी असेल तर पेशी नीट उलगडत नाही, क्रोमोसोम एकमेकांना चिकटून बसतात. फार दमट असेल तर पेशी फुटते आणि दोन-चार क्रोमोसोम दूर निघून जातात. मी स्लाईडवर हलकेच श्वासाची वाफ सोडते. अजून कुठल्याही यंत्रापेक्षा माझा त्यावरच जास्त विश्वास आहे.

या पसाऱ्याबद्दल मला आदर वाटतो त्याला कारण आहे. माणसात 48 क्रोमोसोम असतात असं 1920च्या दशकापासून सगळे धरून चालले होते. 1955 च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंडला संशोधक जो हिन चिओ यांना नीट पसरलेल्या पेशी पाहायला मिळाल्या आणि 46च दिसले. आल्बर्ट लेवान यांच्याबरोबर त्यांनी ते 1956 मध्ये छापलं. इतकी वर्षं आकडा चुकत होता, कारण पेशी उलगडतच नव्हती.

आता माझा नऊ नंबर. या कामात शिकणारे बरेच जण स्वतःच्या रक्तावर हात बसवतात, मीही बसवला. जी-बँडमध्ये नवव्या जोडीतला एक क्रोमोसोम कंबरेपाशी, म्हणजे त्याच्या आवळलेल्या जागी, जरा वेगळा वाटला, म्हणून सी-बँडिंग केलं. यात बेरियम हायड्रॉक्साईडने स्लाईडवर प्रक्रिया करतात. त्याने बाकीचे पट्टे फिके पडतात आणि फक्त हेटेरोक्रोमॅटिन, म्हणजे घट्ट गुंडाळलेला डीएनए, काळंभोर उरतं. ते प्रत्येक क्रोमोसोमच्या कंबरेवर असतं आणि एक, नऊ, सोळा व वाय या क्रोमोसोमवर जास्त ठळक. हे ठिपके मात्र माणसागणिक लहान-मोठे असतात आणि आई-वडिलांकडून जसेच्या तसे उतरतात. नऊ नंबरचा काळा ठोकळा एरवी कंबरेखाली, लांब भुजेच्या सुरुवातीला असतो. माझ्या एका नऊ नंबरमध्ये तो कंबरेच्या वर, आखूड भुजेत आहे. तेवढा तुकडा उलटा बसलाय. शंभरात एक ते तीन जणांत असं आढळतं, त्याने काही बिघडत नाही, कित्येक लॅब रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखही करत नाहीत.

लॅबप्रमुखांची परवानगी घेऊन बाबांचंही कल्चर लावलं. ते स्वतःच म्हणाले होते, "माझ्याकडून आलंय का ते बघ की." त्यांच्याकडूनच आलंय. मायक्रोस्कोपवर बराच वेळ बसून होते. पॉइंटर मी नऊवर नेऊन ठेवला होता, पण त्यांना त्यांचा वायच जास्त आवडला. सी-बँडमध्ये त्याचं खालचं टोक ठसठशीत काळं दिसतं. "हा तुला नाही दिला मी," म्हणाले. बरोबर आहे, तो भावाकडे गेलाय.

म्हणून माझ्या भिंतीवर जी-बँड नाही, सी-बँडचा स्प्रेड आहे. करड्या कागदावर फिकट काड्या आणि त्यांवर काळे ठिपके. नाव नाही, क्रमांक नाही.

छपाईबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सर्वांत लांब क्रोमोसोमसुद्धा जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला 0.2 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही, मग कॅमेरा कितीही भारी असो. माझा स्प्रेड साधारण 80 मायक्रॉन रुंद आहे. तो 8,000 पट मोठा केला की 64 सेंटीमीटर होतो आणि ती 0.2 मायक्रॉनची मर्यादा कागदावर दीड मिलिमीटरहून जास्त भरते. कडा मऊ दिसतात. सॉफ्टवेअरने त्या धारदार करून द्यायची तयारी छपाईवाल्याने दाखवली, मी नको म्हटलं. नसलेली रेघ काढायची नाही. चित्र हाताच्या अंतरावरून बघायचं असेल तर याहून मोठं करू नये. लॅबकडून फोटो मागताना रिपोर्टमधला छोटा जेपीजी न मागता मूळ टिफ फाईल मागा, आणि जोड्या लावलेल्या पानाबरोबर त्याचा स्प्रेडही मागा.

पण त्याआधी रिपोर्ट. 45 क्रोमोसोम असलेली धडधाकट माणसं असतात. दोन क्रोमोसोम एकमेकांना जोडले गेलेले असतात, हजारात साधारण एकाच्या बाबतीत हे घडतं. त्या माणसाला स्वतःला त्रास नसतो, मात्र मूल होताना अडचण येऊ शकते. अशी गोष्ट कुणाला फ्रेमवाल्याच्या दुकानात मोजताना कळू नये. आधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडून समजून घ्या, चित्राचं नंतर. आणि ते सगळ्यांना पाठवण्याआधी घरच्यांना विचारा, कारण ज्याला वाचता येतं त्याला तुमच्या चित्रात तुमच्या भावंडांबद्दलही काहीतरी वाचता येतं. मी भावाला विचारलं होतं. बाबांचा वाय असलेला स्प्रेडही माझ्या चित्राशेजारी लावायचा माझा बेत होता. तो म्हणाला, माझा वाय आल्यागेल्याने बघावा असं मला वाटत नाही. बाबांचा स्प्रेड त्यांच्या खोलीत आहे.