आमची वाटचाल : वाळूजमधली पेशींची लॅब

वाळूज एमआयडीसीत लॅब टाकतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘रक्त-लघवीची का?’ पेशी वाढवून त्यांच्यावर माल तपासतो, असं सांगितलं की समोरचा विषय बदलायचा.

सुरुवातीला काम सरळ होतं. सलाइनच्या नळ्या, सिरिंजचं प्लास्टिक यांचा अर्क काढायचा, पेशींवर घालायचा आणि त्या तगतात का ते बघायचं. आयएसओ १०९९३-५ या मानकानुसार जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या की माल घातक. पगार यातूनच निघायचे.

अडचण होती ती उन्हाळ्याची. पेशींना ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. इन्क्युबेटर तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि त्यात लाइट गेली, तर पेशी वाचवायला आधी खोली वाचवावी लागते. त्यामुळे आमचा एसी जनरेटरवर आहे, ऑफिसचा पंखा नाही. द्रव नायट्रोजन मात्र सहज मिळाला, कारण गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो आपल्याकडे तालुक्यापर्यंत पोचतोच. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या पेशी आमच्याकडे त्यातच, उणे १९६ अंशांत राहतात.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानंतर औषधवाल्यांकडून पॉलिमरचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण येऊ लागले, बहुतेक पीएलजीए या शरीरात विघटन होणाऱ्या पॉलिमरचे. जालन्याच्या बियाणेवाल्यांनी बियाण्यावरच्या कायटोसॅनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात त्या पदार्थाच्या) लेपाबद्दल विचारणा केली. धंदा खरा इथे बदलला.

एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचे जांभळे स्फटिक करतात. ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. प्लास्टिकच्या अर्काला एवढं पुरतं. नॅनोकण मात्र पेशींना चिकटून मागे राहतात, स्वतःच प्रकाश अडवतात. काही तर रसायनच ओढून घेतात. मग मेलेली प्लेट जिवंत दिसते, नाहीतर जिवंत प्लेट मेलेली. म्हणून प्रत्येक डोसला पेशी नसलेले वेगळे वेल (प्लेटमधले छोटे खळगे) लावायचे, जोडीला फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेलं एन्झाइम मोजणारी एलडीएच चाचणी करायची आणि मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघायचं. धडधाकट पेशी तळाला पसरून चिकटलेल्या असतात. मरायला लागल्या की साबुदाण्यासारख्या गोल होऊन सुटतात. आमच्या लॅबमधली मॅडम रीडरच्या आकड्याआधी हेच बघते. माझाही भरवसा तिच्यावर जास्त.

दुसरी गोष्ट ग्राहकांना पटायला वेळ लागतो. कण सेंट्रीफ्यूजमध्ये खाली बसवून वरचं नुसतं पाणी आम्ही वेगळं तपासतो. पुष्कळदा पेशी मारणारा पॉलिमर नसतोच. बनवताना वापरलेलं सॉल्व्हंट किंवा सरफॅक्टंट (साबणासारखं रसायन) धुतल्यावरही उरलेलं असतं. शिवाय कणांवर धन भार असेल, तर ऋण भाराच्या पेशीपटलाला ते जास्त चिकटतात. आणि पाण्यात मोजलेला कणांचा आकार मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, टिकत नाही. त्या द्रवात घातलेल्या सीरममधली प्रथिनं कणांवर बसतात, कधी गुठळ्या होतात. त्यामुळे आकार आम्ही मीडियममध्येच पुन्हा मोजतो.

‘साहेब, एवढे रिकामे वेल कशाला? तेवढे काढा, कोटेशन खाली येईल.’ हे वाक्य दर महिन्याला कुणीतरी म्हणतंच. आम्ही काढत नाही. एक चांगला ग्राहक यावरून गेला, आमच्यापेक्षा स्वस्त रिपोर्ट त्याला दुसरीकडे मिळाला. मिळणारच, अर्धी प्लेट वाचवली की कोणालाही परवडतं.

माणसं टिकवणं ही वेगळीच कसरत. विद्यापीठातून, नांदेडहून एमएस्सी झालेली मुलं येतात, हात बसला की पुणे नाहीतर हैदराबाद. तक्रार नाही, पगार आम्ही तेवढे देऊ शकत नाही.

सध्या फवारणीच्या नॅनो-औषधांसाठी फुप्फुसाच्या ए५४९ पेशींवर काम लावलंय. पंप पाठीवर घेऊन फिरणारा माणूस औषध पीत नाही, श्वासातून घेतो. तेव्हा तपासणी तिथेच व्हायला हवी. दर विचारायला फोन बरेच येतात. नमुना अजून एकाचाच आलाय.